मोगरा, कल्पतरू आणि वैकुंठ : ख्रिस्तपुराणातील रूपके काय सांगतात? (दीर्घ धागा)

१/ इ.स. १६१६. गोव्यातील साष्टी प्रांतातल्या रायतूर येथील छापखान्यातून एक मराठी ग्रंथ बाहेर पडला. ओवीबद्ध, सुमारे अकरा हजार ओव्यांचा, पंच्याण्णव अध्यायांचा. लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. कवी इंग्रज, धर्माने कॅथलिक, पंथाने जेझुइट. नाव फादर थॉमस स्टीफन्स. ग्रंथ आज आपल्याला 'ख्रिस्तपुराण' या नावाने ठाऊक आहे.

२/ या ग्रंथातील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपण शाळेपासून ऐकतो. मराठी भाषा दिनाला त्या हमखास फिरतात. पण त्या ओव्यांपलीकडे या ग्रंथाकडे आपण फारसे जात नाही. आजच्या धाग्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ख्रिस्ती धर्मकाव्यात रूपक अर्थ कसा वाहून नेते? आणि एका समाजाची रूपके दुसऱ्या धर्माच्या सेवेला लावली, तर त्या अर्थाचे काय होते?

३/ आधी कवीविषयी. स्टीफन्सचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. तो काळ इंग्लंडात कॅथलिकांच्या छळाचा. स्टीफन्स रोमला गेला, १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले त्याचे जहाज ऑक्टोबरात गोव्याला लागले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो येथेच राहिला. मायदेशी परत गेला नाही.

४/ आता ही जागा पाहा. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. १५८३च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारात राहून आलेला रुदोल्फ आक्वाव्हिवाही होता. त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. स्वतःच्या देशात धर्मामुळे परागंदा झालेला माणूस येथे दुसऱ्यांचा धर्म मोडणाऱ्या सत्तेच्या छायेत काम करीत होता. हा विरोध विसरून ख्रिस्तपुराण वाचता येत नाही.

५/ ग्रंथाचा उगम खुद्द ग्रंथातच सांगितला आहे. साष्टीतल्या इग्रेजीत नवख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण चालले आहे. श्रोत्यांपैकी एक जण पाद्री गुरूला विनंती करतो. तिचा आशय असा : आमची जुनी पुराणे तुम्ही निषिद्ध केलीत, मग तशाच तऱ्हेचे काही आमच्यासाठी का रचत नाही? या विनंतीत श्रद्धा आहे, पण तिच्याआड एक रिकामी झालेली जागाही आहे. संध्याकाळी पुराण ऐकण्याची सवय असलेल्या माणसाच्या घरातून पुराण नाहीसे झाले होते.

६/ ही रिकामी जागा केवळ धर्माची नव्हती, ती रूपकांचीही होती. वाचकहो, येथे जरा थांबू. आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या : अभिधा, लक्षणा, व्यंजना. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून आपण 'काठावर' असा अर्थ घेतो. मग काठ न म्हणता गंगाच का म्हटली? कारण तिची शीतलता आणि पावित्र्य त्या वाड्याला चिकटावे म्हणून.

७/ म्हणजे रूपक निव्वळ तुलना करीत नाही. ते एका वस्तूचा सारा गणगोत दुसऱ्या वस्तूच्या घरी पाहुणा म्हणून पाठविते. पण त्यासाठी श्रोत्याला गंगा ठाऊक असावी लागते. ज्याने ती ऐकलीच नाही, त्याला त्या वाक्यात केवळ पाणी दिसेल. रूपक उभे राहते ते बोलणारा आणि ऐकणारा यांच्या सामायिक आठवणीवर.

८/ ख्रिस्ती धर्मग्रंथ तर रूपकांनी गच्च भरलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला भाकर, प्रकाश, दार, उत्तम मेंढपाळ, द्राक्षवेल म्हणवतो. ही सगळी रूपके पॅलेस्टाइनच्या डोंगरउतारांवरची आहेत. तेथे कळप होते, मळे होते, वल्हांडणाचा कोकरा होता. साष्टीत भातखाचरे, माड आणि खाजन जमिनी. 'देवाचा कोकरा' हे शब्द तेथील श्रोत्याच्या कानी पडले, तरी त्यामागची मिसर देशातील ती रात्र, दाराच्या चौकटीला लावलेले रक्त, सुटका, यांतले काहीच आपोआप जागे होत नाही.

९/ या अडचणीवर स्टीफन्सचा पहिला उपाय कथेचा आहे. त्याने येशूच्या जन्मापासून आरंभ केला नाही. ग्रंथाचे दोन भाग केले. 'पैलें पुराण' छत्तीस अध्यायांचे. त्यात सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा, मोशे, मिसरातून सुटका, राजे, संदेष्टे. 'दुसरें पुराण' एकोणसाठ अध्यायांचे. त्यात येशूचे चरित्र. कोकऱ्याचे रूपक कळावे म्हणून आधी कोकऱ्याची गोष्ट सांगितली. आठवणच नसेल, तर ती आधी पेरायची, मग तिच्यावर रूपक उभारायचे.

१०/ दुसरा उपाय उलट दिशेने जातो : श्रोत्याकडे आधीच असलेल्या आठवणी वापरायच्या. येथे त्या प्रसिद्ध भाषास्तुतीकडे वळू. तिचा सांगाडा असा : त्या त्या जातीत जे श्रेष्ठ, तशी भाषांत मराठी. खड्यांत रत्न, फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरू. ही मांडणी ओळखीची वाटते ना? गीतेच्या दहाव्या अध्यायातला विभूतियोग याच चालीने जातो : वृक्षांत अश्वत्थ, नक्षत्रांत चंद्र, इंद्रियांत मन.

११/ मोगरा आणि मोर ही निसर्गातली उपमाने. त्यांना धर्म नाही. पण कल्पतरू कोठे उगवतो? इंद्राच्या स्वर्गात. तो निघाला समुद्रमंथनातून. ज्या पुराणांवर साष्टीत बंदी होती, त्याच पुराणांचे हे झाड. पाद्री ते आपल्या ख्रिस्ती ग्रंथाच्या आरंभी लावतो, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. हुकूमनाम्याने पोथी जप्त करता येते. भाषेत मुरलेले उपमान जप्त करता येत नाही. ते काढायला गेले तर भाषाच फाटते.

१२/ ही भाषानिवडही जाणीवपूर्वक होती. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स सांगतो की, दैवी गोष्टी सांगण्यास मराठी ही या देशातील भाषांमध्ये योग्य वाटली. पण शुद्ध मराठी येथील सामान्यांना उमगत नाही, म्हणून तीत येथील ब्राह्मणांची सोपी बोली, म्हणजे आजच्या भाषेत कोकणी, मिसळली. कोकणीचे व्याकरणही त्यानेच लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरलाच छापले गेले. भाषेची वीण आतून पाहणारा हा माणूस होता.

१३/ आता धोक्याच्या शब्दांकडे. स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. नरकासाठी 'यमकुंड', गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत 'येमकोंड' आजही नरकच आहे. मुक्ती, भक्ती, गुरू, स्वामी हे शब्द तर पानोपानी. आदाम आणि एवा यांचे नंदनवन हे पृथ्वीवरचे वैकुंठ झाले. मराठी मुलखात पृथ्वीवरचे वैकुंठ म्हटले की पहिल्यांदा काय आठवते? पंढरपूर. वारकरी त्याला भूवैकुंठच म्हणतात.

१४/ 'वैकुंठ' म्हणजे विष्णूचे स्थान. मग विष्णूला वगळून वैकुंठ उरते का? स्टीफन्सची अपेक्षा अशी दिसते की, शब्दातले सौख्य, शाश्वती आणि परत न येण्याची ग्वाही श्रोता ठेवील आणि विष्णूला सोडील. पण लक्षणेचा व्यवहार असा निवडक होत नाही. गंगा म्हटली की शीतलतेबरोबर तिचा सगळा परिवार येतो. ज्या पिढीने बालपणी वैकुंठाच्या कथा ऐकल्या आणि प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला, तिच्या कानात त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी वाजत असणार.

१५/ गंमत अशी की, या धोक्याची चर्चा स्टीफन्सच्या स्वतःच्या परंपरेत आधीच झालेली होती. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने आपल्या महाग्रंथाच्या पहिल्याच प्रश्नात विचारले आहे : पवित्र शास्त्राने रूपके वापरावीत का? त्याचे उत्तर होकारार्थी. माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते, म्हणून अदृश्याची ओळख दृश्यातूनच करून द्यावी लागते.

१६/ पण त्याचा पुढचा मुद्दा अधिक तीक्ष्ण आहे. तो म्हणतो, ईश्वरासाठी उदात्त वस्तूंपेक्षा सामान्य वस्तूंची रूपके अधिक सुरक्षित. देवाला खडक म्हटले, तर तो खरोखर दगड आहे असे कोणी मानणार नाही. पण तेजस्वी, उदात्त वस्तूचे नाव दिले, तर श्रोता रूपकालाच सत्य समजून बसेल. रूपकाने स्वतःचे अपुरेपण उघड ठेवावे, असा याचा अर्थ.

१७/ या कसोटीवर ख्रिस्तपुराण ठेवून पाहा. मोगरा आणि मोर निर्धोक ठरतात. 'वैकुंठ' आणि 'मुक्ती' मात्र उदात्त शब्द. त्यांना स्वतःचे भरलेले घर आहे. म्हणून, माझ्या वाचनात, ग्रंथातील प्रश्नोत्तरांना महत्त्व येते. कथा चालू असताना श्रोता मध्येच शंका विचारतो आणि पाद्री गुरू उलगडा करतो. पुराणकथनाचीच ही रीत, पण येथे तिला आणखी एक काम आहे. रूपकाने जे दार उघडले, त्यातून नको ते आत येऊ नये म्हणून ही प्रश्नोत्तरे उंबऱ्यावर पहारा करतात.

१८/ आणि काही ठिकाणी त्याने दार उघडलेच नाही. बाप्तिस्म, क्रूस, इग्रेज हे शब्द परके असूनही तसेच ठेवले. का? बाप्तिस्म्याला 'तीर्थस्नान' म्हटले असते, तर ओळख झटपट झाली असती. पण तीर्थस्नान पर्वणीला पुन्हा पुन्हा करता येते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. तेथे रूपकाने अर्थ पोहोचण्याऐवजी गळून गेला असता. जेथे भाव पोहोचवायचा तेथे देशी रूपक, जेथे विधीची कड राखायची तेथे उसना शब्द : ही रेघ ग्रंथभर दिसते. नवे काव्य रचताना काय भाषांतरित करू नये, हे ठरविणेही कवीचेच काम असते.

१९/ एक तुलना येथे उपयोगी पडेल. स्टीफन्सचा समकालीन इंग्रज जेझुइट कवी रॉबर्ट साउथवेल. त्याच्या प्रसिद्ध कवितेत हिवाळ्याच्या रात्री एक बालक ज्वाळांत जळताना दिसते. ते बालक ख्रिस्त, ती आग प्रेमाची. साउथवेल इंग्लंडात लपून धर्मकार्य करीत होता. १५९५ मध्ये लंडनला त्याला देहदंड झाला. त्याचे रूपक छळल्या जाणाऱ्यांनी छळल्या जाणाऱ्यांसाठी केलेले. स्टीफन्सचे रूपक सत्तेच्या बाजूने आलेले. त्यातील ममता खरी आहे, पण त्याच्या पाठीशी किल्लाही आहे. काव्याचा न्याय करताना दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे हव्यात.

२०/ आता जवळजवळ तीनशे वर्षे पुढे. १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले चित्पावन कवी नारायण वामन टिळक बाप्तिस्मा घेतात. मागे फौज नाही, हुकूमनामा नाही. उलट घर तुटते, जात तुटते. पत्नी लक्ष्मीबाईंनी या वियोगाची हकिकत 'स्मृतिचित्रे'मध्ये जशी सांगितली आहे, तशी मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितली असेल. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. हा पूलही एक रूपकच. नदी ओलांडली तरी पूल पाडायचा नसतो, हे त्यात गृहीत आहे.

२१/ टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त माय होतो आणि गुरूही होतो. पाश्चात्त्य उपासनेत रुळलेल्या वाचकाला हे नवल वाटेल. वास्तविक बायबलात याला आधार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू यरुशलेमेविषयी बोलताना पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला देतो; यशयाच्या ग्रंथात देव आईसारखे सांत्वन करतो. पण पाश्चात्त्य स्तोत्रांत पिता, राजा, मेंढपाळ हीच रूपके पुढे राहिली होती. ज्ञानेश्वरांना माउली आणि विठ्ठलाला विठाई म्हणणाऱ्या भाषेत ती दबलेली प्रतिमा पुन्हा वर आली.

२२/ मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. पदव्युत्तर वर्गातील एका चर्चेत मी म्हणालो होतो की, ख्रिस्ती कवींनी वारकऱ्यांची रूपके 'उसनी घेतली'. सरांनी एवढेच विचारले, "आणि परत काय दिले?" तेव्हा उत्तर सुचले नाही. आज वाटते, उत्तर येथे आहे. मराठी रूपकामुळे ख्रिस्ती परंपरेतलाच एक झाकलेला अर्थ उजळला. आणि मराठीला कळले की 'माउली' हा शब्द एका देवळाच्या आवारापुरता नाही. टिळकांनी सुरू केलेले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले 'ख्रिस्तायन' तर नावापासूनच रामायणाशी नाते सांगते.

२३/ स्टीफन्स आणि टिळक यांतला फरक त्यामुळे केवळ काळाचा नाही. स्टीफन्स बाहेरून आला आणि श्रोत्यांच्या घरातील शब्द उचलून त्यांत नवा अर्थ भरू लागला. म्हणून त्याला उंबऱ्यावर पहारा लागला. टिळक आतलेच होते. त्यांना 'माउली' कोठून आणावी लागली नाही. ती त्यांच्या ओठांवर होतीच. पहिल्या प्रकारात रूपक हे साधन आहे, दुसऱ्यात ते स्मरण आहे. पण साधनाचे स्मरण होऊ शकते का? याचे उत्तर द्यायला आपल्याला मंगळूरला जावे लागेल.

२४/ ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्धच हुकूम काढला. जिच्या स्तुतीत पाद्रीने कल्पतरू लावला, ती भाषाच नकोशी झाली. तरी ग्रंथ जगला, तो हस्तलिखितांत आणि कंठांत. गोव्यातून कानडा प्रांतात स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला.

२५/ १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर भागातील हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडेपर्यंत त्यांचा बंदिवास चालला. त्या काळात या पुराणाच्या पठणाने श्रद्धा टिकली, असे मंगळूरची परंपरा सांगते. 'पैल्या पुराणा'त मिसरातील दास्य आहे, वाट पाहणे आहे, सुटका आहे. आठव्या क्रमांकात म्हटले होते की साष्टीच्या श्रोत्याला मिसरची रात्र आठवणार नाही. दोनशे वर्षांनी त्याच्या वंशजांना ती आठवायची गरजच उरली नाही. ते तीत राहत होते. पेरलेली गोष्ट आठवण झाली होती.

२६/ याच मंगळूरला १९०७ मध्ये जोसेफ सालडान्हा यांनी हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. पुढे लंडनमध्ये देवनागरी हस्तलिखित मिळाले. १९५६ मध्ये पुण्याला शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. जिच्या स्तुतीने ग्रंथ सुरू होतो, त्या भाषेच्या सामान्य वाचकाला तो तिच्या लिपीत छापून मिळायला तीनशे चाळीस वर्षे लागली.

२७/ समारोप. रूपक अर्थ कसा पोहोचविते? ते सामायिक आठवणीवर उभे राहते. आठवण नसेल तर ती कथेने घडवावी लागते. ते हवे तेवढेच आणीत नाही. शब्दाचा सारा भूतकाळ घेऊन येते. आणि एकदा बोलले गेले की ते कवीच्या, पाद्रीच्या किंवा सत्तेच्या मालकीचे राहत नाही. ऐकणाऱ्याचे दिवस पालटले की त्याचा अर्थही पालटतो.

२८/ तेव्हा पुढल्या भाषा दिनाला ती स्तुती कोणी पाठविली, तर मोगऱ्याचा आणि कस्तुरीचा आनंद अवश्य घ्या. फक्त त्या कल्पतरूपाशी क्षणभर थांबा. तो ज्या मातीत लावला गेला, तेथील देवळे नुकतीच पडली होती आणि पुराणे हिरावली गेली होती. ती पुन्हा मागणारा तो अनाम श्रोता नसता, तर हा ग्रंथ झाला नसता. स्तुती मराठीची आहेच. थोडे श्रेय त्याच्या मागणीलाही द्यावे. इति.